वारावरचं जेवण आणि खात्यावरचे साठ हजार

वसतिगृहाच्या आमटीत अळी सापडली, मुलं ताटं घेऊन रस्त्यावर बसली, बातमी झाली, की पुढचा वाद कसा जाणार हे आता पाठ झालं आहे. एक बाजू म्हणते, कशाला हवीत ही सरकारी वसतिगृहं? ठेकेदार खातो, मधले खातात, उरलंसुरलं पोरांच्या ताटात पडतं. त्यापेक्षा पैसे थेट खात्यावर टाका, मुलं आपली सोय आपण बघतील. दुसरी बाजू म्हणते, ही पळवाट आहे, इमारती बांधा. मग अर्ज किती, जागा किती, कोटी किती, असे आकडे निघतात. दोन्हीकडचे लोक मोजतात ती एकच गोष्ट: खाटा. वसतिगृह म्हणजे छप्पर, खाट आणि दोन वेळचं ताट, एवढंच धरून चाललं तर पैसे द्या म्हणणारे जिंकतात, आणि त्यांनी जिंकायलाच हवं, कारण खाट बाजारात मिळते. पण घरात पहिल्यांदाच कुणी पदवीला बसतंय, अशा मुलाला किंवा मुलीला विद्यापीठ जे देतं त्यातलं निम्मं वर्गात मिळतं आणि निम्मं वसतिगृहात. ते दुसरं निम्मं बाजारात कुठेच मिळत नाही. म्हणून वसतिगृहं सरकारने आणि विद्यापीठांनी बांधायची, चालवायची आणि भत्ता हा जागा मिळेपर्यंतचा टेकू म्हणून ठेवायचा, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी भत्त्याचा हिशेब नीट मांडू, कारण वादात तो क्वचितच कुणी मांडतं. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नवी मुंबई, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार रुपये: ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे. इतर महापालिकांच्या हद्दीत ५१ हजार, त्याहून लहान ठिकाणी ४३ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर स्वयम योजना आहे, आणि पुढे ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी आधार योजना आली तेव्हाही मोठ्या शहरासाठी आकडा साठ हजारच धरला गेला. आता राहण्याचे २० हजार शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांवर पसरा. महिन्याला दोन हजार होतात. पुण्याच्या पेठांत दोन हजारांत काय मिळतं? पूर्ण खोली सोडाच, चौघांच्या खोलीतली एक कॉटसुद्धा बहुतेक ठिकाणी मिळत नाही. अनामत आणि एजंटाची एका महिन्याच्या भाड्याची दलाली आणखी वेगळी, आणि हे सगळं पहिल्याच दिवशी मोजायचं असतं. योजनेचे पैसे येतात ते भाडेकराराची प्रत, खानावळीची पावती, हजेरीचा दाखला वगैरे जोडल्यानंतर, म्हणजे खर्च होऊन गेल्यावर. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच ही मदत वेळेवर पोचते. मग ती नेमकी कुणासाठी काढली होती?

भत्त्याच्या बाजूने बोलणारे सगळे काही वसतिगृहांचे शत्रू नाहीत. त्यांच्या म्हणण्यात दम आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. सगळ्यात जड मुद्दा सुरक्षिततेचा. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशय तिथल्याच पहारेकऱ्यावर होता, आणि त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. ज्या इमारतीवर सरकारचं नाव आहे तिथे असं घडतं, तर कुठल्या तोंडाने आणखी इमारती मागायच्या? दुसरा मुद्दा मोकळेपणाचा. बऱ्याच मुलींसाठी वसतिगृह म्हणजे संध्याकाळी बंद होणारं फाटक आणि बाहेरगावी जायचं तर वडिलांच्या सहीची चिठ्ठी. हातात पैसे आले की निदान फाटक आपण निवडू शकतो. तिसरा मुद्दा जातीचा. समाजकल्याणची वसतिगृहं वेगळी, आदिवासी विभागाची वेगळी, ओबीसींची अलीकडे निघालेली वेगळी, अल्पसंख्याकांची वेगळी. समाजकल्याणच्या वसतिगृहांत वीस टक्के जागा इतरांसाठी असल्या तरी लोकांच्या तोंडी त्यांची ओळख एकाच समाजाची. शहरात येऊनही मुलाने आपल्याच वस्तीत राहायचं, हे कसलं विद्यापीठ? आणि चौथा मुद्दा जेवणाचा.

या चारांना उत्तर देण्याआधी जरा मागे जावं लागेल, कारण रोख भत्त्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. पुण्यात एकेकाळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरं जमली की आठवडा भरला. ज्यांना वार मिळाले नाहीत ते झोळी घेऊन माधुकरी मागायचे. या पद्धतीचं आजही कौतुक होतं आणि ते अगदीच खोटं नाही. कितीतरी मुलं त्या अन्नावर शिकली, पुढे नावारूपाला आली. सोयीच्या दृष्टीने पाहिलं तर ही योजना बिनखर्चाची होती. इमारत नको, ठेकेदार नको, निविदा नको, लाभार्थी थेट अन्नापर्यंत. पण ते अन्न मिळायचं कुणाला? ज्याची जात त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची त्याला. कुणब्याचं, धनगराचं, साळ्याचं पोर पुण्यात शिकायला आलं तर त्याला सदाशिव पेठेत वार कोण देणार होतं? अस्पृश्य समाजातल्या मुलाचा तर प्रश्नच नव्हता. फी माफ करून हा तिढा सुटत नव्हता. रात्री पाठ कुठे टेकायची आणि कुणाच्या पंगतीत बसायचं, इथे शिक्षण अडत होतं.

शाहू महाराजांचं मोठेपण सांगताना आरक्षणाचा १९०२ चा आदेश हमखास सांगितला जातो, वसतिगृहं एका वाक्यात उरकली जातात. खरं तर क्रम उलटा आहे. कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग १९०१ मध्ये निघाली, आदेश त्यानंतरचा. नोकरीत जागा राखून ठेवायच्या तर त्या जागेपर्यंत शिकलेला मुलगा तयार व्हायला हवा, आणि तो खेड्यातून येऊन राहणार कुठे, हे आधी बघायला हवं, इतका साधा विचार त्यामागे होता. त्याआधी, १८९६ मध्ये, सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. तिथे ब्राह्मणेतर मुलं टिकली नाहीत. म्हणून जातवार वसतिगृहांचा मार्ग धरला. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दरबार जमीन द्यायचा, इमारतीला मदत करायचा, उत्पन्न लावून द्यायचा, आणि रोजचा कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवायचा. संस्थानात शिष्यवृत्त्या होत्याच. नुसते पैसे वाटून काम भागत असतं तर एवढ्या इमारतींचा खटाटोप कुणी केला असता?

आता जातवार वसतिगृहांचा आक्षेप. तो त्याही काळी खरा होता, आणि त्याचं उत्तरही त्याच वसतिगृहांतून निघालं. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच माणसाने १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं गेलं. पोरं दळण, स्वयंपाक, शेतीतली कामं आळीपाळीने करत आणि एका पंगतीत जेवत. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही. म्हणजे जातवार बोर्डिंग ते एका पंगतीचं बोर्डिंग हा प्रवास वीस-पंचवीस वर्षांत झाला, आणि तो वसतिगृह नावाची संस्था होती म्हणून झाला. ज्या बोर्डिंगमधून काढून टाकता येतं, त्या बोर्डिंगशी भांडताही येतं. भाड्याच्या खोलीत भांडायचं कुणाशी? घरमालक म्हणेल, तुमचं सामान उचला.

आणि घरमालक काय विचारतो? 'आडनाव काय?' आडनावावरून उलगडलं नाही तर 'गाव कुठलं?' त्यावरूनही कळलं नाही तर 'नॉनव्हेज खाता का?', आणि फारच चौकस असेल तर 'तुमच्यात देव कुठला?' पाटीवर 'फक्त शाकाहारी' लिहिलेलं असतं. त्यातून कुणाला वगळायचं आहे हे पाटी लावणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. मुसलमान मुलांना तर पुष्कळदा नाव सांगितल्यावर 'कालच खोली गेली' हेच ऐकावं लागतं. सरकारने ६० हजार दिले म्हणून या प्रश्नांची उत्तरं बदलत नाहीत. वार देणारं घर जे विचारायचं तेच खोली देणारं घर विचारतं, फरक इतकाच की आता विचारायचे पैसे सरकार देतं. खाजगी बाजारात भेदभाव सिद्ध करायला काही हाती लागत नाही: नकार तोंडी, कारण तोंडी, भाडंही अर्धं तोंडी. अकरा महिन्यांचा रीतसर नोंदणीकृत करार करून द्यायला कॉट बेसिसवाले मालक सहसा तयार नसतात, कारण त्यांना उत्पन्न दाखवायचं नसतं. आणि करार नसेल तर योजनेचा अर्ज अडतो. मग कुठल्यातरी ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर कागद तयार होतो. विद्यापीठात आल्यावर मुलगा पहिली गोष्ट शिकतो ती ही.

वसतिगृहात आडनाव संपतं असं मात्र कुणी समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली. त्याचा निषेध म्हणून त्या टेबलांवर बसून मांसाहार केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला १० हजारांचा दंड झाला. पण ती घटना सगळ्या देशाला कळली, तिच्यावर लेख आले, मुलांनी ई-मेल आणि नोटिसा बाहेर काढल्या. टेबल सार्वजनिक संस्थेचं होतं म्हणून नियम कागदावर आला, आणि कागदावर आला म्हणून त्यावर बोट ठेवता आलं. पेठेतल्या काकूंच्या खानावळीत कोण कुठे बसतं याची नोटीस निघत नाही.

हाच तर्क मुलींच्या फाटकाला लागू होतो. भत्ता घेऊन मुलगी मोकळी होते हे गृहीतक तपासून पाहावं. खाजगी लेडीज हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं? बहुतेक ठिकाणी नऊ, फार तर दहा. आणि मालकीणबाईंचा मूड बिघडला तर साडेआठ. तिथे तक्रार समिती नाही, नियमावली म्हणजे जिन्यात चिकटवलेला एक कागद. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. ते पाळले जात नाहीत, कबूल. पण न पाळलेला नियम दाखवून कोर्टात जाता येतं. केरळमध्ये संध्याकाळी मोबाइल जमा करायला नकार दिला म्हणून एका विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. खाजगी पीजीच्या मालकिणीविरुद्ध अशी याचिका कधी कुणी ऐकली आहे? चर्नी रोडच्या घटनेबाबतही हेच. इमारत जुनी, दुसरीकडे हलवायचं घाटत होतं, बऱ्याच मुली सुट्टीला गेलेल्या, आणि आपल्या मजल्यावर ती एकटीच राहिलेली. वसतिगृह होतं म्हणून ते घडलं असं यातून निघत नाही. वसतिगृह ओस पडू दिलं, हे मात्र निघतं. त्यानंतर निदान चौकशी नेमावी लागली, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलीचा पहारेकरी कोण तपासतो?

आता त्या 'दुसऱ्या निम्म्या'विषयी, कारण ते हवेत सोडून देणं सोपं आहे. मोठे शब्द बाजूला ठेवू आणि एकच बारीक गोष्ट बघू: शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला, मंजूर झाला, पोर्टल सांगतं पैसे गेले, आणि खात्यावर शून्य. का? कारण आधार क्रमांकावरून जाणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधार ज्या बँक खात्याला शेवटचं सीड केलं असेल, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी नोंदवलं असेल, त्यावर जातात. खात्याला आधार नुसता जोडलेला असणं वेगळं आणि सीड असणं वेगळं. कधीतरी गावात आईसोबत जाऊन जनधनचं खातं उघडलेलं असतं, ते सीड राहून जातं, पैसे तिथे जमा होतात. कधी ते खातं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं आणि पैसे परत जातात. उपाय दहा मिनिटांचा: आधारच्या संकेतस्थळावर सध्या कुठली बँक दाखवते ते बघायचं, हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरायचा, चार दिवसांनी पुन्हा तपासायचं. हे प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात कुणी सांगत नाही, माहितीपत्रकात असलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. हे सांगतो शेजारच्या कॉटवरचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा, कारण मागच्या वर्षी त्याचे पैसे असेच गेलेले असतात. जात पडताळणीला कुठला कागद कमी पडतो, उत्पन्नाचा दाखला किती दिवस चालतो, कुठल्या सरांकडे प्रकल्प घ्यायचा आणि कुणाकडे मुळीच नाही, फेरतपासणीचा अर्ज मुदतीत करायचा म्हणजे कुठे करायचा, रात्री दोनला ताप फणफणला तर ससून रुग्णालयाच्या कुठल्या दारातून आत जायचं, ही माहिती ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना जेवणाच्या टेबलावर मिळते. ज्यांच्या घरात ते टेबल नाही, त्यांचं टेबल म्हणजे मेस.

आणि तिथे फक्त माहितीच फिरते असंही नाही. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरच्या इतिहासातून वगळून दाखवा. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, त्या नागसेनवनातली वसतिगृहं वगळून मराठवाड्यातल्या दलित साहित्याची गोष्ट सांगून दाखवा. त्यांनी स्वतः बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सोलापुरात वसतिगृह काढलं ते १९२५ मध्ये, म्हणजे चळवळीच्या अगदी सुरुवातीला. पोरं रात्री जागी असतात, एकमेकांच्या कविता ऐकतात, एकमेकांना शिव्या घालतात, वर्तमानपत्र एक आणि वाचणारे तीस असल्यामुळे अग्रलेखावर भांडतात. यातून राजकारण होतं हा आक्षेप घेणाऱ्यांना एवढंच विचारावं, की अठरा वर्षांच्या मतदाराने राजकारण कुठे शिकावं अशी त्यांची इच्छा आहे? रॅगिंग मात्र खरं आहे. राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि तरी ते होतं. पण ते आटोक्यात ठेवायला रेक्टर, म्हणजे वसतिगृहाचा प्रमुख, तिथेच राहायला असावा लागतो, बसने येऊन सही करून जाणारा नाही.

आता जेवण, कारण वाद इथूनच पेटतो. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकायचं ठरवलं, तेव्हा पुण्याहून मुलं पायी नाशिकला निघाली. पैसे मिळतायत तर ही पोरं मोर्चा का काढतात, हे अनेकांना उमजलंच नाही. रोजचं जेवण बाहेर शोधायचं म्हणजे रोज तासभर जातो, रक्कम उशिरा आली की खानावळवाला बंद करतो, आणि घरी अडचण असेल तर जेवणाचे पैसे मुलगा घरी पाठवतो व स्वतः वडापाववर राहतो. त्याला दोष कसा देणार? ताटातली पोळी गावी पाठवता येत नाही, खात्यावरचे पैसे पाठवता येतात. जेवण जेवण म्हणूनच का द्यायचं, याचं कारण एवढंच आहे.

मेस बिघडते ती का, हेही पाहू. शंभर मेंबरांची मेस धरा. वेळेला चार पोळ्या म्हटलं तर दिवसाला वीस-बावीस किलो कणीक, आणि आमटी अंगाशी लागायची तर कोरडी डाळ सहा-सात किलो. दर ताटामागे ठरलेला, ठेका सगळ्यात कमी बोलीवाल्याला, आणि बिल निघायला महिने लागतात. तोवर ठेकेदार वाण्याकडे उधारीवर. मग डाळ सहावरून चार किलोवर येते, घट्टपणासाठी बेसन लावलं जातं, भाजीत बटाटा वाढतो. आमटीतलं जास्तीचं पाणी हे पुष्कळदा लटकलेल्या बिलाचं व्याज असतं. यावर भरारी पथक नेमून काही होत नाही. पथक येतं त्या दिवशी पनीर असतं. उपाय जुना आहे आणि जिथे मुलांनी मेस चालवली तिथे तो चालला आहे. सकाळी कोठीतून धान्य निघताना दोन मेंबरांसमोर वजन करायचं आणि वहीत दोन सह्या. महिन्याचा किराणा आणि भाजीचा खर्च मेंबर-दिवसांनी भागायचा. शंभर मेंबर, तीस दिवस म्हणजे तीन हजार. त्यातून समजा २४० खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, वजा, राहिले २,७६०. खर्च दोन लाख वीस हजार आठशे झाला असेल तर दिवसाला ८० रुपये पडले. खाडा आदल्या संध्याकाळी आठच्या आत सांगायचा आणि सलग दोन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरायचा नाही, नाहीतर रोज दहा जणांचं अन्न वाया जातं. स्वयंपाकाच्या मावशींचे पगार आणि गॅस या भागाकारात घ्यायचे नाहीत, ते वेगळे, सगळ्यांवर सारखे. हे विसरलं की दिवाळीच्या आठवड्यात वीसच मेंबर उरतात, पगार तेवढाच राहतो, दर दुप्पट होतो आणि राहिलेले वीस जण भांडतात. मेस सेक्रेटरी दर महिन्याला बदलायचा. तोच तीन महिने राहिला की वाण्याशी त्याचं फार जमायला लागतं. हा जमाखर्च एकदा सांभाळलेल्या पोराला सहकारी सोसायटीचा ताळेबंद पुन्हा शिकवावा लागत नाही.

पैशांचा आक्षेप राहिला. इमारती महाग पडतात, असं म्हणतात. शंभर विद्यार्थ्यांचे राहण्याचे २० हजार म्हणजे वर्षाला २० लाख, पंधरा वर्षांत तीन कोटी, सगळे घरमालकांकडे. शंभर जणांना बारा हजार चौरस फूट बांधकाम धरलं आणि फुटाला अडीच हजार रुपये, तर तेही तीन कोटीच होतात. यात जमीन नाही, दुरुस्ती नाही, कर्मचारी नाहीत, पैशावरचं व्याज नाही, हा हिशेबातला उणेपणा मान्य. पण पंधरा वर्षांनी एका बाजूला इमारत उभी असते, दुसऱ्या बाजूला भाडेपावत्या. जमिनीचं म्हणाल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे; जागा नाही ही सबब निदान तिथे शोभत नाही. मधला मार्ग म्हणून भाड्याच्या इमारतीत वसतिगृह चालवलं जातं. ओबीसींसाठी जिल्ह्याला दोन अशी ७२ वसतिगृहं जाहीर झाली, आणि इमारती नसल्याने भाड्याच्या जागा शोधाव्या लागल्या. ती इमारत कुटुंबांसाठी बांधलेली असते, तिथेच घोळ होतो. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे वसतिगृहांचं मानक. शंभर मुलांना साडेतेरा हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचा एक टँकर येऊनही कमी. दोन फ्लॅटच्या मजल्यावर चाळीस मुलं आणि संडास चार. सात ते साडेआठ या वेळात काय होत असेल ते सांगायला नको. मग आंदोलन, मग बातमी, मग पुन्हा 'पैसेच देऊन टाका'.

वाद करायचाच तर तो वेळापत्रकावर करावा, कारण त्यात कुणाची विचारसरणी आड येत नाही आणि खर्चही फारसा नाही. कॉलेजं जुलैत सुरू होतात. सरकारी वसतिगृहांच्या याद्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यावर लागतात आणि पुढे सरकत कित्येकदा दिवाळीच्या तोंडावर येतात. स्वाधारसारख्या योजनांचे अर्ज तर वसतिगृहात नंबर लागला नाही हे ठरल्यावरचे. गावातून आलेल्या मुलाचे सगळ्यात अवघड असे हे तीन-चार महिने कुठल्याच योजनेत बसत नाहीत. पदवीची जागा मिळाली त्याच यादीसोबत वसतिगृहाची जागा तात्पुरती का देता येऊ नये? प्रत्येक वसतिगृहात एक मोठी खोली जुलै ते सप्टेंबर दिवसाच्या दराने का ठेवता येऊ नये? तोवर पोरं आपापली वाट काढतातच. विद्यापीठाच्या वसतिगृहांत अशा बिनहक्काच्या पाहुण्याला सगळे 'पॅरासाइट' म्हणतात, आणि त्यात हेटाळणी फारशी नसते, कारण म्हणणाराही मागच्या वर्षी तेच होता. दोन कॉट जोडून तिघं झोपतात. मधल्या फटीवर चादर दुमडून टाकली की ती पाठीला लागत नाही. रेक्टरची फेरी सातला असते, म्हणून पाहुण्याची वळकटी साडेसहाला माळ्यावर जाते.